एका तोंडाच्या सहा कवळ्या

सोमवार, ६ जानेवारी. सायंकाळी ७.१०.

दुपारी ३.२० वाजता मी मोठ्या दवाखान्यात शर्ट काढून खाटेवर पडलो होतो आणि एक सिस्टर माझ्या छातीला वायरी चिकटवत होती. डावीकडची खालची वायर नीट चिकटलेली नाही असं मला वाटलं. मी तसं दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "दादा, मशीनला कळतं. तुम्ही गप पडा बरं." कागदाची पट्टी निघाली. हृदयाला काही झालेलं नाही. डॉक्टर माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठे असतील. त्यांनी विचारलं, "हे सुरू झालं तेव्हा काय करत होतात?" मला नीट सांगता आलं नाही. पुन्हा कोणी विचारलं तर चुकीचं सांगायला नको, म्हणून येताना ही वही आणली आणि क्रमाने लिहितो आहे.

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात. आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो, मग मेण काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरतो आणि शिजवतो. आज २.१५ ला चार खोकी कुरिअरवाल्याकडे दिली. तो कोपऱ्यावर वळल्यावर मला वाटलं, एका बाईंचा वरचा जबडा आणि एका आजोबांचा खालचा, अशी अदलाबदल झाली आहे. खोकी बंद करायच्या आधी मी अकरा वेळा पाहिलं होतं. तरी वाटलं. मी एप्रनसकट त्याच्या मागे पळालो. चौथ्या सिग्नलला तो सापडला. त्याला खोकी उघडायला लावली. सगळं बरोबर होतं. ते दिसल्यावर बरं वाटायला हवं होतं, पण नेमक्या तेव्हाच हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि मी फुटपाथवर बसलो. कुरिअरवाला म्हणाला, "अहो, लोकांच्या दातांपायी स्वतःचा जीव देता काय?" त्यानेच मला दवाखान्यात सोडलं. त्याला पुढच्या पार्सलांना उशीर झाला असेल. नाव विचारायचं राहिलं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहून दिला. दुसरा मजला, खोली २१४. खाली 'मानसोपचार' असं लिहिलं आहे. हा शब्द घरी येऊन शब्दकोशात पाहिला. अर्थ कळला, पण माझ्यासारख्यासाठी आहे का ते तिथे दिलेलं नाही.

मंगळवार, ७ जानेवारी.

मास्तरांना चिठ्ठी दाखवली. मास्तर म्हणजे आमच्या लॅबचे मालक. मला हे काम त्यांनीच शिकवलं, म्हणून मी मास्तर म्हणतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी वाचली.

"जा की मग."

"तुम्ही मला वेडा समजता का?"

"वेडा असतास तर परवडलं असतं. वेड्याला हातातली वस्तू खाली ठेवता येते. तुझ्या हातात कवळी तरुण येते आणि म्हातारी होऊन बाहेर पडते."

मग त्यांनीच पंखा बंद केला, माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी पुन्हा म्हणणार नाही." दर गुरुवारी साडेचारला सुटायची परवानगी दिली.

गुरुवार, ९ जानेवारी. सायंकाळी ७.३०.

खोली २१४ च्या बाहेर नऊ खुर्च्या आहेत. लोक एक खुर्ची सोडून बसतात. मीही तसाच बसलो.

आत टेबल नाही. दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर नाहीत, जराशा तिरक्या. खिडकीत कुंडी आहे. झाड खरं की प्लास्टिकचं ते कळेना, म्हणून मी पानाला बोट लावलं. मॅडम म्हणाल्या, "खरं आहे. सगळेच लावून बघतात." मॅडम आईच्या वयाच्या आहेत, म्हणजे आई असती तर तेवढी असती.

मी सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग मी विचारलं, "मला पुन्हा तसं होणार नाही ना?"

"होऊ शकतं."

मला राग आला. हे ऐकायला मी फी भरली होती की काय? मी पुन्हा दोनदा विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. त्या म्हणाल्या, "तुम्ही हा प्रश्न बरोबर तीन वेळा विचारलात. मी नाही म्हटलं असतं, तर किती वेळ बरं वाटलं असतं?"

मी विचार करून खरं तेच सांगितलं. जिना उतरेपर्यंत.

मग त्यांनी कागदावर एक रेघ काढली. टेकडीसारखी, वर जाऊन खाली येणारी. म्हणाल्या, भीती अशी चढते, एका उंचीला पोचते आणि आपली आपण उतरते. पण तुम्ही ती चढत असतानाच तपासायला धावता. त्याने पटकन बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा धावता. ती न तपासताही उतरते, हे तुम्ही आजवर पाहिलेलंच नाही.

एका वेगळ्या वहीत चार रकाने आखायला सांगितले. काय वाटलं, शंभरपैकी किती वाटलं, मी काय केलं, प्रत्यक्षात काय झालं.

"शंभर म्हणजे नेमकं किती?"

"सोमवारचा फुटपाथ."

रविवार, १२ जानेवारी.

सुट्टी. माझ्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, एकीवर कपडे असतात. वरच्या मजल्यावर कोणीतरी फर्निचर सरकवत होतं. सकाळी ११.०५ ला गावाहून ताईचा फोन आला, तोवर मी आज एकही शब्द बोललो नव्हतो. आवाज बसका निघाला. ती म्हणाली, "सर्दी झाली का रे?" मी हो म्हटलं.

मग नेहमीचं. "बाबांच्या दातांचं काय झालं?"

"काम चालू आहे."

"आठ महिने झाले! आठ महिन्यांत लोक घर बांधून राहायला जातात. इथल्या डॉक्टरांनी माप कधी पाठवलं होतं आठवतंय का? मेणातली कवळी तोंडात घालून पाहून झाली, पुढे काय अडलं? बाबा अजून दुधात बुडवून खातात. सख्खा मुलगा दात बनवतो आणि बाप बोळक्या तोंडाने बसलाय, लोक काय म्हणत असतील!"

"बाबांना दे."

बाबा आले. मी म्हटलं, "बाबा, बरे आहात?"

"हं."

"गुडघा?"

"हं." आणि फोन परत ताईकडे.

बाबांनी पस्तीस वर्षं भाजीबाजारात लिलाव पुकारला. त्यांचा आवाज नदीपलीकडे जातो असं लोक म्हणायचे. माझ्याशी मात्र आठ महिने हे एवढंच. ताई म्हणते, हल्ली बाजारात जात नाहीत, शेजारीही जाऊन बसत नाहीत. गुडघा फारच दुखत असणार. आणि माझ्यावर राग आहे, तो वेगळा. तो मला माहीत आहे. दहावीच्या परीक्षेत मी तीन तास पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तपासत बसलो होतो. पेपर काढून घेतला तेव्हा बाकीची पानं कोरी होती. पुन्हा शाळेत गेलो नाही. बाबा त्या दिवशी मला न्यायला आले होते. घरापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. तो राग इतकी वर्षं पोटात राहिला आणि आता वर आला, असं मला वाटतं.

बुधवार, १५ जानेवारी.

मॅडमच्या रकान्यांत खाडाखोड फार झाली होती. एके ठिकाणी ७० लिहून ६५ केलं, मग पुन्हा ७०. म्हणून दुसरी वही आणली आणि सगळं सुवाच्य अक्षरांत उतरवून काढलं. पावणेतीन तास लागले. एक पान दोनदा लिहिलं, कारण आडवी रेघ किंचित तिरकी गेली होती.

गुरुवार, १६ जानेवारी.

मॅडमनी वही उघडली आणि बराच वेळ नुसती पाहिली.

"फार सुंदर अक्षर आहे. हे कधी लिहिलं?"

"रोज."

"रोजची शाई एकच, दाबही एकच. पहिली वही कुठे आहे?"

कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मला भीतीसुद्धा पॉलिश करून आणून दिलीत." मला हसू आलं. त्याही हसल्या. पुष्कळ दिवसांनी कोणाबरोबर तरी हसलो.

पुढच्या वेळी कच्ची वही आणायची. आणि या आठवड्यात प्रत्येक कवळी तीन वेळाच तपासायची. चौथ्यांदा वाटलं तर किती वाटलं ते लिहायचं आणि हात दुसऱ्या कामाला लावायचे.

सोमवार, २० जानेवारी.

४.०५ ला खोकं गेलं. तीनदाच पाहिलं होतं.

४.०६ : ८५. ४.२० : ९०. कवळीत बारीक चीर असेल, जेवताना तुकडा तुटेल, घशात जाईल, माणूस एकटाच घरात असेल. मी स्टुलावर हातांवर बसून राहिलो. मास्तर म्हणाले, "अंडी उबवतोस काय?" मी त्यांना विचारलं, ती बरोबर होती ना हो? ते तोंड उघडून पुन्हा मिटून म्हणाले, "सांगणार नाही. तूच सांगितलं होतंस, विचारलं तरी सांगू नका म्हणून." हे मीच सांगितलं होतं. पस्तावलो.

४.४५ : ७०. ५.१५ : ५५. ६.०० : ३०.

६.०० ला मला दोनदा वाटलं की मी आकडा चुकीचा लिहितो आहे. पण तीसच होता. मी काहीच केलं नव्हतं आणि तो उतरला होता. फुटपाथवरून घरी येताना पाय वेगळेच वाटत होते. हे कोणाला तरी सांगावं असं वाटलं. खालच्या दुकानदाराला सांगावं का, असा विचार केला. साबण घेऊन वर आलो.

रविवार, २६ जानेवारी.

ताई आज हसत बोलली नाही. "फेब्रुवारी संपेपर्यंत वाट बघते. नाहीतर इथल्या डॉक्टरांना सांगून दुसऱ्या लॅबकडून करून घेते. तुला राग येऊ दे नाहीतर काहीही." बाबांना द्यायला सांगितलं तर म्हणाली, "ते फोन घेत नाहीत. मान हलवतायत."

आता लिहितोच. मॅडमच्या रकान्यांत हे लिहिलेलं नाही. या वहीतही आजवर टाळलं.

बाबांची कवळी मी जूनमध्येच पूर्ण केली होती. वर-खाली, दोन्ही. पाठवायच्या दिवशी पुढचा एक दात अर्ध्या केसाने वळलेला वाटला. म्हणून साच्याची नक्कल काढून दुसरी केली. दुसरीत टाळू जाड वाटली. तिसरी. अशा सहा झाल्या. लॅबमधल्या माझ्या खालच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी मी जातो, खण उघडतो आणि सहाही जोड टेबलावर ओळीने मांडतो. बाबा सहा वेळा माझ्याकडे पाहून दात दाखवतात. मग पुन्हा गुंडाळतो.

परक्या माणसाचं चुकलं तर तो डॉक्टरांकडे तक्रार करतो. बाबा तक्रार करणार नाहीत. ते नुसते गप्प राहतील, आणि ते का गप्प आहेत ते मला कळेल.

गुरुवार, ३० जानेवारी.

सांगितलं. बोलताना झाडाकडे पाहत होतो.

मॅडमनी विचारलं, "पहिलीत आणि सहावीत काय फरक आहे?"

मी सांगायला लागलो आणि थांबलो. मला माहीत नव्हता. कोणती कितवी हेसुद्धा आता मला फडक्याच्या रंगावरून कळतं.

"बाबा रागावलेत असं त्यांनी कधी म्हटलं?"

"नाही."

"ताईंनी?"

"नाही. पण मला माहीत आहे."

"तपासलंत?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. जगातली प्रत्येक वस्तू मी अकरा वेळा तपासतो. हे एकदाही तपासलं नव्हतं. पण म्हणून ते खोटं ठरत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर. खरंही ठरत नाही."

सोमवार, ३ फेब्रुवारी.

वाईट दिवस. एका बाईंची कवळी नऊ वेळा तपासली. लॅब बंद करून निघालो, बस-थांब्यावरून परत गेलो, मास्तरांना कुलूप उघडायला लावलं. नेहमी टोमणा मारतात, आज मारला नाही, ते जास्त लागलं. हे सगळं थोतांड आहे असं वाटतं. टेकडी, रकाने, झाड. गुरुवारी जायचं नाही असं ठरवलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

गेलो. न जाण्याचं कारण नीट लिहायला बसलो होतो, ते तीनदा लिहूनही जमेना, तेव्हा उठून गेलो.

मॅडमना सोमवारचं सांगितलं. मला वाटलं, त्या निराश होतील. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी झोप किती झाली होती? आदल्या दिवशी कोणाशी बोलला होतात?" झोप चार तास. रविवारी कोणाशीच नाही. ताईचा फोन आला नव्हता. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "पाय घसरला म्हणजे आपण पायथ्याशी गेलो असं नसतं. कुठे घसरतो ते कळलं."

मग बाबांची कवळी. मी काय होईल ते सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. दुखेल. सैल बसेल. तुकडा तुटेल. बाबा काढून ठेवतील आणि पुन्हा घालणार नाहीत. त्या लिहीत गेल्या. मग विचारलं, "समजा, दुखली. पुढे?"

"म्हणजे दुखेल."

"हो. त्यानंतर? तुमच्याकडे एखाद्या पेशंटची कवळी दुखते म्हणून परत आली, तर काय करता?"

"दुखतं ती जागा बघून घासतो."

"किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं."

त्यांनी 'दुखेल'च्या पुढे तेही लिहिलं. इतके दिवस मी 'दुखेल' इथपर्यंत जाऊन परत येत होतो. त्याच्या पुढे दहा मिनिटांच्या अंतरावर काहीतरी आहे, हे डोक्यात आलंच नव्हतं.

ठरलं ते असं. सोमवारी खणात न बघता हात घालायचा. हाताला लागेल तो जोड तपासायचा नाही. पाठवायचा.

सोमवार, १० फेब्रुवारी. दुपारी १.३०.

मास्तर साक्षीला उभे. मी डोळे मिटून एक फडकं उचललं. बाकीची पाच त्यांनी पाहिली.

"हे काय रे? सहा? कोणाच्या?"

"बाबांच्या."

"माप कधीचं?"

"गेल्या मेमधलं. दात काढून दोन महिने झाले होते तेव्हाचं."

मास्तर स्टुलावर बसले. चष्मा काढला. "अरे, तेव्हा हिरड्या ताज्या होत्या. एवढ्या महिन्यांत त्या आत बसल्या असतील. आता यातली एकही घट्ट बसायची नाही."

हे मला माहीत आहे. हे मी नवीन मुलांना शिकवतो. दात काढल्यावर हिरड्या वर्षभर आटत जातात, कवळीला उशीर झाला तर ती ढिली होते. मी सहाच्या सहा कवळ्या अर्ध्या केसाच्या फरकासाठी पुन्हा पुन्हा केल्या आणि खाली तोंडच बदलत होतं. जूनमधली त्या दिवशी पाठवली असती, तर ती बसली असती.

१.४० : ९५. हातांना मुंग्या. पहिला विचार असा आला की आता नवीन माप मागवायचं आणि सातवी करायची. तो विचार फार शहाणपणाचा वाटला. मास्तरांना सांगितला. ते म्हणाले, "कर. आणि सातवी होईतो तोंड आणखी बदलेल, मग आठवी कर. तोवर बाबांना सांग, दूध पीत राहा."

१.५५ ला खोक्यात घातली. चिठ्ठी लिहिली: 'ढिली बसण्याची शक्यता आहे. दुखल्यास सांगावे. मला उशीर झाला.' एकदा लिहिली, तीच घातली. 'उशीर'मधला दीर्घ ऊकार, नव्हे, दीर्घ ई नीट आहे का ते मात्र पाहिलं. तेवढं चालेल.

२.१० ला कुरिअरवाला आला. तोच होता. म्हणाला, "आज धावणार का? सांगा, म्हणजे हळू जातो."

गुरुवार, १३ फेब्रुवारी.

मॅडमना हिरड्यांचं सांगितलं. त्या ठीक होईल म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे ज्याची भीती होती ते बहुधा होणारच आहे. वाईट वाटतंय?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "वाटू दे. हे भीतीसारखं नाही, हे नुसतं वाईट वाटणं आहे." मी थोडा रडलो. कागदाचा रुमाल दिला तो चौकोनी घडी करून परत ठेवला. मग लक्षात आलं की वापरलेला आहे. खिशात टाकला.

ताईचा निरोप आला आहे: पोचलं. एवढंच.

रविवार, १६ फेब्रुवारी.

फोन नाही. मी लावायचा नाही, असं मॅडमबरोबर ठरलं आहे. बरं आहे ना, दुखत नाही ना, असं विचारून स्वतःला गप्प करायचं नाही. त्यांना हवं तेव्हा ते कळवतील.

११.०५ : ७५. १२.०० : ८०. १.०० : ७०. दुपारी खुर्चीवरचे कपडे घडी करून कपाटात ठेवले. खुर्ची रिकामी झाल्यावर खोली जास्तच रिकामी दिसायला लागली. खिडकीतून समोरच्या घरातली माणसं जेवताना दिसतात. एक म्हातारा माणूस घास बराच वेळ चावत होता. वरचे पुढचे दात त्याचे स्वतःचे नसावेत. कोणीतरी चांगले बसवले आहेत.

४.०० : ५०. ५.०० : ५०. मधे काही नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी. सायंकाळी ८.००.

६.२० ला बसमध्ये उभा होतो. ताईच्या नंबरवरून फोन आला. मी म्हटलं, "बोल गं."

"ताई नाही. मी आहे."

बाबा.

"ऐकू येतंय का? कसली रे कवळी ही? खालची तर नुसती नाचते. शिंकलो तर ताटात पडली. डावीकडे आत काहीतरी टोचतं, काट्यासारखं. एवढे दिवस लावून असली वस्तू करतात तुझ्याकडे? तुझ्या मास्तरांना सांग, मी बाजारात असली भाजी पुकारली असती तर लोकांनी टोपल्या मारल्या असत्या."

"बाबा, ते हिरड्या आटल्यामुळे..."

"आधी मला बोलू दे. काल बाजारात गेलो होतो. नवा माणूस ठेवलाय पुकारायला. दमच नाही आवाजात. मी तिथून एक हाक दिली, वर कवळी हातात धरून! सगळे वळले. तो वजनकाट्यावरचा म्हातारा म्हणतो, अरे, हा जिवंत आहे अजून!"

बाबा बोलत होते. शब्दांच्या कडेला थोडी शिट्टी वाजत होती, कारण वरचे दातही नीट टेकत नसणार. कांद्याचा भाव सांगितला. ताई मीठ कमी घालते म्हणाले. शेजाऱ्यांशी भांडण झालं ते सुरुवातीपासून सांगितलं. माझा थांबा मागे गेला. मी उतरलो नाही.

मग मी विचारलं. आधी ठरवलं नव्हतं. "बाबा, इतके दिवस माझ्याशी का बोलत नव्हतात?"



"तोंड उघडलं की नुसती हवा यायची. तुझ्या कानावर तसलं बोलणं गेलं असतं, तर तू घाई केली असतीस. आणि घाई केली की तुझं काय होतं ते मला ठाऊक आहे. परीक्षेच्या दिवशी मी खिडकीपाशी उभा होतो. तीन तास. तू पहिलंच पान पुन्हा पुन्हा तपासत होतास ते बघत होतो. मग म्हटलं, दातांसाठी पोराला पुन्हा तसं करायला नको. म्हणून फोन हिच्याकडे द्यायचो."

शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उतरायला सांगितलं. मी उतरलो आणि तिथेच उभा राहिलो. बाबा म्हणाले, "आहेस ना?"

"आहे."

"मग ती टोचतेय त्याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "शनिवारी येतो. डॉक्टरांकडे बरोबर जाऊ. तोंडात घालूनच नवीन माप घ्यायचं, आतून भर घालायची. टोचतंय तिथे मी घासून देतो."

"किती वेळ लागेल?"

"घासायला दहा मिनिटं. भर घालायला दिवस लागेल."

"दिवस लागू दे," बाबा म्हणाले, आणि पुन्हा शेजाऱ्यांच्या भांडणावर आले. ते अजून संपलेलं नव्हतं.

खर्च: मॅडमची फी, सहा वेळा, तीनशेप्रमाणे अठराशे. कुरिअर एकशे दहा. आजचं जादा बसभाडं बारा. शनिवारचं जायचं तिकीट दोनशे पस्तीस.

देणं: उद्याच्या गुरुवारची फी तीनशे. मास्तरांकडून उचल पाचशे, आणि मागितलेली सुट्टी दोन दिवस. परतीचं तिकीट काढलेलं नाही.